नंबररावांची पाठ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं एक दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला लागून एक लांब बाक. दुकानाच्या मालकांचं आईवडिलांनी काय नाव ठेवलं होतं ते आता त्यांनाही आठवावं लागतं. गल्लीचे ते नंबरराव. दारात कुणी डोकावलं की मान न वळवता ते आरशातूनच म्हणणार, "बसा, पुढचा नंबर तुमचाच." बाकावर आधीपासून चौघे बसलेले असले तरी हेच. त्या चौघांनाही तेच सांगितलेलं असतं. थाप आहे हे त्यांना ठाऊक, आम्हालाही ठाऊक. पण एकदा बूड टेकलं की उठतंय कोण? पलीकडून गप्पा सुरू झालेल्या असतात.

अशा या माणसाची पाठ धरली ती धरलीच. मलमं झाली, पट्टे झाले, शेकून शेकून पाठीचा रंग बदलला. शेवटी डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "मोडलंबिडलं काही नाही."

"म्हणजे मी सोंग करतोय?" नंबरराव खवळले.

"दुखणं खरंच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ते पाहुणा म्हणून आलं आणि बिऱ्हाड करून राहिलंय. नुसत्या गोळ्यांनी हलणार नाही. वरच्या मजल्यावर अशाच लोकांचा एक गट जमतो, तिथे जा."

नंबरराव गेले ते घरी. दुकानाला कुलूप लागलं आणि ते पलंगाला लागले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तासातासाला विचारायच्या, "दुखतंय का हो?" डोळा लागला असला तर हलवून विचारायच्या. आणि नवरा "दुखतंय" म्हणाला की दोघांनाही काहीतरी पार पडल्यासारखं वाटायचं.

याच सुमारास त्यांचा मेहुणा मायेने येऊन बसायला लागला. "दाजी, तुम्ही आराम करा. दुकान मी बघतो." बघतो म्हणजे खुर्ची काढून तिथे मोबाइलची कव्हरं लटकवतो. वहिनींनीही भावाला महिनाअखेर किल्ली द्यायचं कबूल करून टाकलं. उभं राहता येत नाही तर दुकान ठेवून करायचं काय? नंबरराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "द्या." मी समाचाराला गेलो होतो. माझ्या वाढलेल्या केसांकडेही त्यांनी पाहिलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

घरी येऊन मी थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण शिस्त सुटली नाही. गुडघ्यांपायी ती त्याच गटात जात होती. तिने नंबररावांना घरी जाऊन फर्मावलं, "मंगळवारी यायचं. उशीर केलात तर वर्गाबाहेर उभं करीन."

"ताई, उभंच तर राहता येत नाही," नंबरराव कण्हले आणि गेले.

गटातलं बाहेर बोलायचं नाही असा तिथला नियम आहे. कात्री हातात धरणाऱ्याला हा नियम म्हणजे फारच झालं, पण नंबररावांनी तो आजवर पाळलाय. पुढचं जे सांगतो ते त्यांचं आणि ताईचं, आणि दोघांनीही "खुशाल लिही" म्हटलंय.

खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. मधोमध काही नाही. गट चालवणाऱ्या मॅडम नंबररावांच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी जो तो आपलं दुखणं सांगत होता, आणि दुखण्याच्या बोली चढत चालल्या होत्या. कुणाला सुया टोचत होत्या, तर शेजाऱ्याला सुऱ्या. ताईने गुडघ्यातून विजेची तार गेल्याचं सांगून बाजी मारली. मग नंबररावांची पाळी आली. आणि ते गप्प!

पुढच्या मंगळवारीही गप्प. त्याच्या पुढच्याही. ताई मला म्हणाली, "अरे, तुमचा तो बडबड्या मुका झालाय." मी विश्वासच ठेवला नाही. नंतर कळलं, की या माणसाने जन्मभर लोकांच्या मानेमागे उभं राहून गप्पा मारलेल्या. समोरचा चेहरा कायम आरशात. इथे सगळे तोंडावर तोंड करून बसलेले, आणि बोटांत कात्री नाही. बोलायचं कसं?

पण ऐकत होते. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "दुखणं जाईल असं वचन मी देत नाही. तुमचा दिवस सध्या तेच ठरवतंय, तेवढं आपण काढून घेऊ." दुखायला लागायच्या आधीच थांबायचं, बरं वाटलं म्हणून सगळी कामं एकाच दिवशी उरकायची नाहीत, श्वासाकडे लक्ष द्यायचं. श्वासाकडे लक्ष देता देता ताई घोरायला लागली, हे मात्र तिने मला सांगितलं नाही. नंबररावांनी सांगितलं. इतपत नियम मोडलाच.

महिन्याचा शेवटचा मंगळवार आला. संध्याकाळी मेहुणा किल्ली न्यायला येणार होता. त्या दिवशी मॅडमनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली. "यात तुमचं दुखणं बसलंय असं समजा, आणि त्याच्याशी बोला."

नंबरराव बराच वेळ चुळबुळले आणि उठले. "मॅडम, समोरून नाही जमत हो." ते खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, हवेतच टॉवेल झटकला आणि सुरू झाले.

"अहो, तुम्ही रोज सगळ्यांच्या आधी येता. शटर उघडायच्या आत खुर्चीत. बाकीची गिऱ्हाइकं बघतात आणि परत जातात. एवढी वर्षं मी कुणाला रांग मोडू दिली नाही, तुम्ही कोण लागून गेलात? या, नाही म्हणत नाही. हाकललं तरी जाणार नाही, माहितेय मला. पण तिकडे बाकावर बसा. पुढचा नंबर तुमचाच."

खोली हसली. मॅडमही हसल्या. ताईचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. "नंबरराव, अहो, केव्हापासून उभे आहात तुम्ही!"

"हळू बोला ताई," नंबरराव म्हणाले. "पाठीला ऐकू जाईल."

गेलंच. ते "आई गं" करत खाली बसले. पण हसत बसले.

संध्याकाळी मेहुणा दारात. वहिनी हातात किल्ली घेऊन उभ्या. "दुखतंय का" विचारू नका, "आज काय केलंत" ते विचारा, असं मॅडमनी घरच्यांना बजावलं होतं. वहिनींच्या जिभेला ते वळण पडत नव्हतं. त्या "दु..." म्हणाल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आज काय केलंत?"

"उभा राहिलो," नंबरराव म्हणाले. "बोललो पण."

हा आवाज वहिनींनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मग त्यांनी भावाच्या पसरलेल्या हातावर चहाचा कप ठेवला आणि किल्ली नवऱ्याच्या.

आता दुकानात एक उंच स्टूल आलंय. माझं अर्धं डोकं झालं की नंबरराव पाठ दुखायची वाट न बघता स्टुलावर टेकतात, आणि मी एका कानावर दाट, एका कानावर विरळ असा आरशात स्वतःला बघत बसतो. दोन माणसांसारखा दिसतो. तक्रार करायची सोय नाही, कारण गप्पा चालूच असतात.

परवा मी असाच अर्ध्यावर असताना मेहुणा केस कापायला आला आणि बाकाच्या टोकाला बसायला लागला.

"तिथे नको रे," नंबरराव आरशातून ओरडले, "तिथे बसलंय. अलीकडे सरक."

मेहुणा गोंधळून सरकला. नंबररावांनी कंबरेवर हात ठेवला, डोळे बारीक केले, त्या रिकाम्या टोकाकडे बघून "आलोच हं" म्हणाले, आणि कात्री उचलून माझ्या दुसऱ्या कानाकडे वळले.