फिका गुलाबी

साकोलीत आमच्या गलाईच्या दुकानाशेजारी भाऊ फोटो छापतात. नववी सोडून मी आटपाडीकडून इथं सोनं गाळायला आलो, तेव्हा जेवणाचा डबा त्यांनीच लावून दिला. छापलेल्या प्रत्येक फोटोजवळ ते आपलं मनगट धरून कातडीचा रंग ताडून बघतात. कुणी "जरा गोरं करा ना" म्हटलं, की म्हणतात, "हे मशीन होय, पावडरचा डबा नोहोय." नवरीलाही सूट नाही.

त्यांच्या नव्या मशीनमध्ये नेहमीच्या चार शाया आहेत, शिवाय फिका निळा आणि फिका गुलाबी. "माणसाच्या चेहऱ्यासाठी काढला बाबू हा गुलाबी," असं ते मला सारखं सांगतात.

मला कावीळ झाली. आईचा फोन साधा, म्हणून तिनं छापलेला फोटो मागवला. वाळलेला दिसलास तर परत बोलावीन, म्हणाली. ती बोलावेल याची मला भीती होती आणि आशाही. भाऊंनी पडद्यावरचा माझा पिवळा चेहरा बराच वेळ पाहिला आणि गुलाबी वाढवला. मनगट धरलंच नाही.

"भाऊ, का वाढवला?"

"तुया मायले झोप नको का?"

आमच्या दुकानाचे शेठ आटपाडीकडं गावी जाताना आईसाठी फोटो घेऊन गेले. आईचा फोन आला. "तब्येत झ्याक दिसतीया की रं. मग दिवाळीला येऊ नगंस, काम सुटंल."

दुपारी भाऊंनी विचारलं, "काय म्हणे माय?"

"खूश आहे," मी म्हटलं.

त्यांनी आपलं मनगट माझ्या अजून पिवळ्या गालाजवळ धरलं, बघितलं, आणि ते आत गेले.