चार बोटांची रेघ

लीलँड ब्रँडहॉर्स्टचं नाव निघालं की आमच्या विलो फोर्कमध्ये लोक अजून हसतात आणि कुणीतरी टेबलावर थाप मारतो. मी त्यांच्यात हसत नाही. त्या दिवशी मागची काठी माझ्या हातात होती.

लीलँड धान्याच्या कोठारावरचा काटेवाला. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की तो खिडकीतून आकडा सांगायचा, आणि तोच शेवटचा शब्द. तीस वर्षांत कुणी त्याला "पुन्हा बघ" म्हटलं नव्हतं. नवराबायकोचं भांडण पेटलं तरी गावात म्हणायचे, "जा, लीलँडच्या काट्यावर चढा दोघं."

शनिवारी तो कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत साखळी सांभाळायचा. आम्ही चौघं होतो. दोन काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी, एकाकडे कितवा प्रयत्न ते दाखवणारी पाटी, आणि लीलँडकडे चिमटा. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड सरकला तर आणखी चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो; सरकला की नाही, असा वाद पडला की साखळी मैदानात न्यायची. पण काठ्या उपटल्यावर जागा कशी लक्षात राहणार? म्हणून लीलँड आधीच साखळीला एक चिमटा लावून ठेवायचा, जिथे ती मैदानावर आखलेल्या फक्कीच्या रेघेवरून जाते तिथे. मोजताना चिमटा परत त्याच रेघेवर टेकवायचा आणि साखळी ताणायची. रेघ चार बोटं रुंद असते. काही गावांत चिमटा मागच्या कडेला लावतात, आमच्याकडे पुढच्या. काहीही चालतं, फक्त लावताना आणि टेकवताना कड तीच हवी.

साखळीवाले पाहुण्या संघाच्या बाजूला उभे राहतात आणि टाळ्या वाजवत नाहीत. लीलँड तर गावाच्या रंगाची टोपीही घालत नसे. एकतीस हंगाम त्याने आमच्या पोरांना मार खाताना पाहिलं, चेहरा दगडासारखा ठेवून. आमचा संघ म्हणजे आनंदीआनंदच होता. वर्षाला दोन सामने जिंकले तर पाद्री प्रवचनात उल्लेख करायचा.

मग सत्त्याऐंशी साल उजाडलं. सप्टेंबरात पहिला सामना जिंकला, लोक म्हणाले आंधळ्याच्या हाती ससा लागला. ऑक्टोबर संपेपर्यंत आठ झाले. व्हर्नाच्या खाणावळीत फळ्यावर खडूने आकडा लिहायचे आणि पुसायला कुणी धजत नसे. नववा आणि शेवटचा सामना कोल्टनशी, आमच्याच मैदानावर. कोल्टनने आम्हाला बावीस वर्षं हरवलं होतं.

दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो. चौथा प्रयत्न, अर्धा यार्ड हवा होता. आमचा पोरगा चेंडू घेऊन घुसला आणि कोल्टनच्या रॉय क्लिमाने त्याला छातीवर घेऊन जागच्या जागी आपटलं. पंचांनी साखळी मागवली. आम्ही पळत आत गेलो. रॉय गुडघ्यांवर बसून ओरडत होता, "थांबवलाय मी त्याला! थांबवलाय!"

लीलँड वाकला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. चिमटा त्याने पुढच्या कडेला लावला होता, ते मी पाहिलं होतं. आता त्याचा अंगठा मागच्या कडेवर टेकला. साखळी ताणली गेली. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं पुढे निघालं, म्हणजे खरं तर ते दोन बोटं कमी पडत होतं.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून काठी धरून उभा राहिलो.

पंचांनी हात पुढे केला, म्हणजे आम्हाला नवे चार प्रयत्न मिळाले, गाव उसळलं, आणि त्यातल्या तिसऱ्या प्रयत्नात आम्ही सामना जिंकला. नऊपैकी नऊ. चर्चची घंटा वाजवली गेली. लोकांनी मला मिठ्या मारल्या आणि मी त्या घेतल्या. लीलँड साखळी गुंडाळत बसला होता. एरवी पाच मिनिटांचं काम, त्या दिवशी त्याला अर्धा तास लागला.

पुढच्या शनिवारी सकाळी व्हर्नाकडे सगळे जमले असताना तो उठला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "मी कड बदलली. कोल्टनच्या सामन्यात. चुकून नाही."

आणि जो हशा पिकला! कुणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. व्हर्नाने सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"खा रे बाबा. एकतीस वर्षांनी का होईना, गावच्या उपयोगी पडलास."

"व्हर्ना, मी खोटं मोजलं."

"मग काय झालं? कोल्टनवाले काय संत आहेत? आपली अळीमिळी गुपचिळी."

लीलँडने माझ्याकडे पाहिलं. "गस, तू तरी सांग यांना." मी कॉफीत साखर ढवळत राहिलो. मी साखर घेत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पायचा तुकडा तसाच टाकून तो निघून गेला.

सोमवारी कोठारावर टिंगल सुरू झाली. "लीलँड, आमच्या मक्यालाही चार बोटं वाढव की." दुपारपर्यंत पाच जणांनी तोच विनोद केला. मग एल्मर डिट्रिच ट्रक घेऊन आला. एल्मर विनोद करणारा माणूस नव्हे, आणि खाणावळीत सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. लीलँडने आकडा सांगितला. एल्मर खिडकीशी घुटमळला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पुन्हा एकदा बघतोस का? सहज आपलं."

लीलँडने पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. तोच त्याने पुन्हा सांगितला. मी रांगेत मागेच होतो. मला इतकी लाज वाटली की माझा ट्रक वळवून मी घरी गेलो.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. "कोल्टनला जातोय. त्या पोराला सांगायला. येतोस?"

नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला? चाळीस मैलांचा रस्ता होता. एकदाच मी विचारलं, "का केलंस रे?"

"एकतीस वर्षं, गस. मला वाटलं, एकदा तरी. तेवढ्यात अंगठा तिथे पोचला होता." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "उचलता आला असता. वेळ होता."

रॉय क्लिमा गोठ्यासमोर ट्रॅक्टर धूत होता. लीलँडने सगळं सांगितलं, चिमटा, कड, अंगठा, काही न लपवता. आधी पोराने पाइपचं पाणी बंद केलं.

"मी सांगत होतो सगळ्यांना, थांबवलाय म्हणून. आमचे कोच म्हणाले, हरणारे असंच बोलतात."

"मला माफ कर, पोरा."

"माफी राहू द्या. हे माझ्या डॅडसमोर बोलाल? त्या दिवशी घरी येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, 'अर्धा यार्ड धरवला नाही तुला.' त्यानंतर त्यांनी त्या सामन्याचा विषयच काढला नाही."

त्याचे वडील, एमिल क्लिमा, आत गाईचं दूध काढत होते. लीलँडने टोपी काढून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एमिलने हात थांबवला नाही. बादली भरल्यावरच ते उठले, पोराजवळ गेले आणि ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. रॉय खाली बघत राहिला. बापाचा हात बराच वेळ तिथेच होता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही कोण?"

"मी मागची काठी धरतो."

"म्हणजे याच्या शेजारीच."

"हो."

"दिसलं होतं?"

"हो."

"आज किती दिवस झाले?"

"नऊ."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हवं तेवढं कळलं होतं. लीलँडशी त्यांनी हात मिळवला. माझ्याशी नाही. "चला, जेवण थंड होतंय," ते पोराला म्हणाले, आणि मग लीलँडला, "तुम्ही कॉफी घेऊन जा." आमच्या भागात दारात आलेल्या विमा एजंटलाही कॉफी विचारतात.

लीलँडने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जा तू." तो आत गेला. मी गाडीत बसून राहिलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते तिघं टेबलाशी दिसत होते, आणि लीलँड बोटांनी टेबलावर रेघेची रुंदी दाखवत होता.