चावी आबांच्या खिशात: परभणी ते सोनपेठ, फोनवर उघडणाऱ्या गाडीने

आठवड्यातले पाच दिवस आमची गाडी परभणीत घरासमोर लिंबाखाली उभी असते. मी चालत ऑफिसला जाते, नवरा स्कूटरवर. गाडी वापरतात ते फक्त त्या झाडावरचे कावळे. तिकडे माझी धाकटी बहीण सुनंदा सोनपेठजवळच्या खेड्यात, सासरी. बी.एड. झालेली, आणि गाडीचं लायसन्स लग्नाआधीपासून कपाटात. तिला गंगाखेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायला बोलावलं होतं, आठवड्यातून तीन दिवस. पण गावची एसटी गंगाखेडला पोचते तोवर पहिला तास संपलेला असतो. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

म्हटलं, गाडी तुझ्याकडेच ठेव. मला लागली तर मी येईन न्यायला.

अडचण होती आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. मेहुणे पुण्याला कंपनीत, त्यामुळे घरात शब्द आबांचा. त्यांचं म्हणणं एवढंच, की पाहुण्यांची गाडी दारात राहू द्या, पण चावी आमच्या खुंटीला राहील. ती खुंटी मी पाहिलेली आहे. सुनंदाच्या स्कूटीची चावी तिथे टांगल्यापासून स्कूटीवर कोंबड्या बसतात.

आता गंमत अशी, की आमच्या गाडीला खुंटीला टांगायची चावीच नाही. फोन हीच चावी. फोन खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडतं, लांब गेलं की कुलूप लागतं. ही चावी घरबसल्या दुसऱ्याच्या फोनवर पाठवता येते आणि नको असेल तेव्हा परतही घेता येते. निघायच्या आदल्या दिवशी मी ती सुनंदाला पाठवली. पाच मिनिटांत 'चावी स्वीकारली' असं उत्तर आलं. मी स्वतःवरच खूश झाले.

शनिवारी सुट्टी होती, सकाळी मी एकटीच निघाले. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली. पहिला थांबा पोखर्णीचा नृसिंह, कारण नवी गाडी पूजेशिवाय लांब न्यायची नाही असं आईने बजावलं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि पूजा सांगणारे गुरुजी म्हणाले, "चावी द्या." मी फोन दिला.

"फोन नको, चावी द्या."

"हीच चावी आहे."

त्यांनी फोन उलटापालटा करून बघितला आणि मग अगदी मनोभावे त्याला हळदकुंकू लावलं. तेव्हापासून दिवसभर माझे सगळे फोटो पिवळसर आले आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

पोखर्णी ते गंगाखेड रस्ता बरा आहे, पण गाळपाचा हंगाम असेल तर घाई करू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की तो जाईल तसं जायचं. गंगाखेडला स्टँडजवळ चहा आणि गरम भजी खाल्ली, पोटभर आणि स्वस्त. गोदावरीचं दर्शन घेतलं आणि सोनपेठच्या रस्त्याला लागले. असा प्रवास तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोनची बॅटरी संपली तर उघडायला एक कार्ड मिळतं, ते पर्समध्ये हवं. आणि गाडी दुसऱ्याला चालवायला देणार असाल तर विमावाल्याला आधी विचारून घ्या.

सोनपेठला बाजार भरला होता. कांद्याच्या ढिगाशेजारी कशीबशी जागा मिळाली. गाडी लावून मी पेरू घ्यायला लांब गेले. परत येते तो गाडीभोवती पंधरावीस माणसं, आणि मधोमध पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात कांद्याची पिशवी. आबाच होते.

"या, या," मला बघून ते म्हणाले. "ही गाडी तुमची हाय का? मी आपला कांदे घ्यायलो, तर ही माझ्याकडं बघून डोळे मिचकायली."

एवढं बोलून त्यांनी प्रयोग करून दाखवला. दहा पावलं मागे गेले, गाडीने आरसे मिटले. पुढे आले, आरसे उघडले, दिवे लुकलुकले. माझा फोन जवळ आहे म्हणून होत असेल असं वाटून मी मुद्दाम पेरूवाल्यापर्यंत परत गेले. तरी गाडी आबांनाच ओळखत होती.

"मानूस बघून उघडायली," कांदेवाला म्हणाला.

"आमच्या आबाला सारा तालुका वळखतो," दुसरा म्हणाला, "गाडीचं काय घेऊन बसलाव."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहिणीच्या सासरी फोन करायचा तर आधी घरातल्या मोठ्यांशी बोलायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे माझ्या फोनमध्ये 'सुनंदा' नावाने जो नंबर आहे तो आबांच्या खिशातल्या फोनचा. लग्न झाल्यापासून मी त्याच नंबरावर फोन करते, आबा उचलतात, खुशाली विचारतात आणि तिला हाक मारतात. तिचा स्वतःचा फोन नंतर आला, तो 'सुनंदा नवीन'. मी चावी पाठवली ती जुन्या सुनंदाला, म्हणजे आबांना.

"आबा, काल माझा काही मेसेज आला होता का?"

"आलता की. काय बी आलं की मी हिरवं बटन दाबतो."

घरी जाताना ते पुढच्या सीटवर बसले आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला हात केला. मी वरून हसत होते, पण मनातून पार खचले होते. जे त्यांना द्यायचं नव्हतं तेच मी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते.

चुलीपुढे सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "ताई, म्हणजे आता हीसुद्धा खुंटीलाच गेली."

"थांब, त्यांची काढून घेते." मी ॲप उघडलं. एक बटण दाबायचा अवकाश होता.

"नको काढू. आज ते किती खूश हायत बघ. काढलीस तर गाडीच नको म्हणतील." थोडा विचार करून ती म्हणाली, "मला दुसरी दे. सोमवारच्या आत मीच सांगते त्यांना, येळ बघून."

मी दिली. आपल्या चावीला माणूस कसा जपतो, आणि इथे मी भाकरी भाजेपर्यंत एक नवी घडवली. त्याचं मला फार नवल वाटलं.

दुपारी रानात हुरडा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तिळाची चटणी, दही. आबा रंगात आले होते.

"ही चावी ट्रॅक्टरला बसंल का?" त्यांनी विचारलं. "आमा चौघा भावांत एकच ट्रॅक्टर हाय. चावी थोरल्याच्या कमरंला. तो पाहुन्याकडं गेला की तिघं आभाळाकडं बघत बसतेत. गाडी चौघांची, पन मालक एकच, ज्याच्याकडं चावी हाय तो."

गाडी वाटून घेण्यावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं सरळ कुणी मांडलेलं नव्हतं. मी सुनंदाकडे बघितलं. ती बोलेल असं वाटलं, पण ती हुरडा चोळत राहिली.

जेवताना आबांनी जाहीर केलं, "चावी माझ्याजवळ हाय तर राहू द्या गाडी. इचारून न्यायची."

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात ठेवून निघाले. सोनपेठहून गंगाखेडपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट, आणि पुढे परभणीपर्यंत रेल्वे. खिडकीतून ऊस मागे जात होता आणि मला एकच घोर लागला होता, की ही पोरगी बोलणार कधी.

घरी आले तर लिंबाखालची जागा रिकामी. वाटलं होतं, चुकल्यासारखं होईल. झालं नाही. उलट हलकं वाटलं, कारण गाडी कुठेतरी उपयोगी पडणार होती. या प्रवासातून माझ्याजवळ उरलं ते हेच. गाडी माझ्या नावावर आहे आणि तेवढं मला बास आहे, ती दारात असण्याची मला गरज नाही.

सोमवारी ऑफिसात फोनवर अक्षरं उमटली, 'सुनंदा नवीन: गाडी सुरू'. पुढचे दोन तास माझं कामात लक्ष नव्हतं. मग फोन वाजला. नाव 'सुनंदा', म्हणजे आबा.

"मी रानात हाय," ते म्हणाले. "घरून निरोप आला, गाडी अंगणात न्हाई. आन् चावी तर माझ्या खिशात हाय."

"आबा, एक चावी तिच्याकडेही आहे."

तिकडे त्यांनी पाण्याची मोटार बंद केल्याचं ऐकू आलं.

"मंग खरी कोनती?"

"दोन्ही खऱ्या."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं, आबा. चुकलं आमचं."

"सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोचली का पन येळेवर?"

मी ॲप बघितलं. गाडी कॉलेजच्या आवारात उभी होती, पहिल्या तासाच्या बऱ्याच आधीपासून.

"पोचली, आबा."