तळ्याचा खटला

बंगालमधल्या चुंचुड्याच्या कोर्टात तीन वर्षं काढून काकोली समाद्दारनं वकिली सोडली आणि रंगांचे डबे हाती घेतले, तेव्हा तिच्या आईनं डोक्याला हात लावला. पण काकोलीचं कायद्याशी काही वाकडं नव्हतं. तो बंद खोलीत, निम्म्यांना न कळणाऱ्या भाषेत चालतो, एवढाच तिला राग. म्हणून ती घाटावर, बाजारात, जत्रेत खटले उभे करायची. साक्षीदार कापडावर रंगवलेले, न्यायाधीश जमलेली माणसं. लोक हसत यायचे आणि जाताना दोन कलमं शिकून जायचे.

त्या हिवाळ्यात तिच्याच आळीतल्या तळ्यात राडारोडा पडू लागला. भोंबोल साहा नावाचा बिल्डर तिथं इमारत उठवणार होता. "तळं कसलं? ही जमीन पहिल्यापासून कोरडीच," असं तो सगळीकडे सांगत सुटला होता.

रविवारी सकाळी काकोली मासे रंगवलेला झगा घालून घाटाच्या पायरीवर उभी राहिली. मागे दोरीवर साक्षीदार फडफडत होते: बगळा, खंड्या, एक मिशाळ मागूर मासा. चुरमुरे आणि गरम वांग्याची भजी घेऊन अख्खी आळी जमली. आईसुद्धा आली. "मोठ्यानं बोल गं, मागे काही ऐकू येत नाही!" ती ओरडली.

"फिर्यादी तळं. त्याची वकील मी. बचावाला कोण?" काकोलीनं विचारलं.

भोंबोल मजा बघायला आला होता. "मीच की! नाटकं मलाही येतात, दिदिमणी. जमीन कोरडी आहे, संपला खटला."

मागुराच्या वतीनं बोलायला निभाकाकिमा उठल्या. जन्मभर त्यांनी याच घाटावर भांडी घासली होती. "कोरडी? अरे मेल्या, सात वर्षांचा असताना तू इथंच बुडत होतास. मी केसांना धरून ओढला तुला."

सगळे खिदळले. भोंबोल लालबुंद झाला. "बुडत नव्हतो हं, काकिमा! मी या काठावरून त्या काठावर पोहायचो. मधे तर बांबूलाही तळ लागायचा नाही. विचारा कुणालाही!"

मग असा हशा उसळला की झाडावरचे कावळे उडाले. काकोलीनं वाकून नमस्कार केला. "बचाव पक्षाचे आभार."

हशानं राडारोडा निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी निभाकाकिमांना पुढे घालून आळी मत्स्य खात्याच्या कचेरीत गेली; तळी बुजवायला बंदी घालणारा कायदा त्याच खात्याकडे होता. काकोलीनं तक्रार लिहिली. चौकशीला आलेल्या साहेबांसमोर भोंबोलला "कोरडी" हा शब्द काढायची सोय उरली नव्हती. तो काढताच पोरं पोहण्याचे हातवारे करायची. भराव थांबवण्याचा हुकूम निघाला आणि टाकलेला मलबा भोंबोललाच उपसावा लागला.

पुढच्या खटल्यात कापडावर एक नवा साक्षीदार लटकला: पाण्यात सूर मारणारा भोंबोल. बातमी लागताच खरा भोंबोल धावत आला.

"एवढं पोट आहे का माझं?"

"कमी करते, दादा," काकोली म्हणाली आणि तिनं कुंचला उचलला.