दोनदा एंटर मारणारं कॉलेज

हिंगणा रोडवरच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात तीन नंबरच्या लॅबमध्ये एंटर एकदा मारून लागेलच याचा भरवसा कधी नव्हता. कीबोर्ड जुने, त्यात उन्हाळ्यात कुलरसाठी उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून धूळ, मग बटण कधी अडकायचं, कधी लागायचं. म्हणून सगळे दोनदा मारायचे. टक-टक. पोरं दोनदा, मॅडम लोक दोनदा. परीक्षा घ्यायला बाहेरून येणारे सर पहिल्या दिवशी एकदा मारायचे आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा. कोणी कोणाला शिकवलं नाही, आपोआप बोटात बसलं. इतकं बसलं की घरी कोऱ्या करकरीत लॅपटॉपवरही बोट दोनदाच पडायचं.

या टक-टकनंच सुभद्रा मावशीची चावी गेली.

सुभद्रा ढोबळे, लॅब अटेंडंट, सतरा वर्षं त्याच लॅबमध्ये. नवरा कवडू एमआयडीसीतल्या कंपनीची बस चालवतो, तोच सकाळी तिला गेटवर उतरवून पुढं जातो. लोकांना वाटायचं ही बाई म्हणजे झाडू, फडकं आणि पंख्याचं बटण. कोणाला हे माहीत नव्हतं की लग्नाआधी ती महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकली होती, मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास होती, आणि तिची बोटं चालली की वाटे टिनावर पाऊस पडून राहिला. तिनंही कधी सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं ना कोणी.

मागच्या वर्षी मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या आधी मशीनवरच्या पोरांच्या जुन्या फायली उडवायच्या होत्या, म्हणजे परीक्षेत कोणी त्यातून छापू नये. हे काम लॅब इन्चार्ज धर्मेंद्र सरांचं. सरांनी त्यासाठी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक हुकूम चालवणारी फाइल, लिहून ठेवली होती. काळा पडदा, वर इंग्रजी दोन ओळी, बस. सर त्या दिवशी मीटिंगमध्ये होते. फोनवर म्हणाले, "काही नाही बाई, लॅब नंबर टाका आणि एंटर मारा. एवढं तर जमेल ना?"

मावशीनं तीन टाकलं आणि मारला एंटर. टक-टक.

नेमका त्या दिवशी पहिलाच एंटर लागला. दुसरा एंटर गेला पुढच्या प्रश्नाकडं, आणि पुढचा प्रश्न होता, सर्व्हरवरची कॉपीपण उडवायची का? काही न लिहिता एंटर मारला तर उत्तर 'हो', असं सरांनीच ठरवून ठेवलेलं. प्रश्न पडद्यावर दिसला कधी आणि गेला कधी, पापणीसुद्धा लवली नाही. एकेचाळीस पोरांचे प्रोजेक्ट साफ. बॅकअप? तो घेणं सरांचं काम होतं आणि ते जानेवारीपासून राहून गेलं होतं. पण हे कोणी बोललं नाही.

सगळे बोलले ते मावशीला. सेकंड इयरची मिनल, कोराडीच्या कॉलनीतून दोन बसा बदलून येणारी, तीन महिने राबून केलेला तिचा प्रोजेक्ट गेला होता, ती लॅबच्या दारात उभी राहून रडत ओरडली, "समजत नाही तर हात कायले लावता हो तुम्ही?"

मावशी म्हणाली, "बाई, मी एंटर मारला फक्त. सगळे मारतात तसा." कोणी ऐकलं नाही.

मग सरांनी माफीनामा मागितला. सर सांगत गेले आणि मावशीनं स्वतःच टाइप केला, चार मिनिटांत, एकही चूक नाही. 'माझ्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे.' सरांच्या हेही लक्षात आलं नाही की ही अज्ञानी बाई आपल्यापेक्षा तिप्पट वेगानं टाइप करून राहिली. खाली सही घेतली, कागद तिच्या सर्व्हिस फाइलमध्ये गेला आणि लॅबची चावी सरांच्या खिशात. सतरा वर्षं साडेआठला लॅब उघडणारी बाई आता सर येईपर्यंत व्हरांड्यात उभी. सर येत दहाला.

तिला चावीचं वाईट वाटलं, पण त्या एका शब्दानं जीव जळला. अज्ञान. कवडू म्हणाला, "जाऊ दे ना वं, कागदच आहे." ती म्हणाली, "तुमच्या नावाचा असता तर जाऊ दिला असता?"

ऑगस्टमध्ये मिनलनं स्वतःच्या घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, टक-टक करून स्वतःचंच एक फोल्डर उडवलं. रात्रभर तिला झोप नाही. सकाळी व्हरांड्यात मावशीसमोर येऊन उभी राहिली, मान खाली.

"मावशी, ते तुम्ही नव्हतं केलं. ते त्या डबल एंटरनं केलं."

"मले माहीत आहे. मी तेव्हाच बोलली होती."

"मी तुम्हाले भलतंसलतं बोलली."

"बोलली ना. आता रडू नको, ते कसं टाळता येते ते सांग."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत दोघी मागच्या कोपऱ्यातल्या मशीनवर. मिनलनं तिला गम नावाचं एक औजार दाखवलं. शेल स्क्रिप्टमध्ये त्याची एक ओळ टाकली की काळ्या पडद्यावर रंगीत चौकट येते, यादी येते, बाणाच्या बटणानं खालीवर करून निवडता येते, हो-नाहीची दोन बटणं येतात, काम चालू असलं की गोल गोल काहीतरी फिरत राहते. मावशी पाहातच राहिली. सतरा वर्षं त्या काळ्या पडद्यानं तिला फक्त दटावलं होतं, विचारलं कधीच नव्हतं.

फायनलचा अश्विन, टवाळ पोरगा, मागून डोकावला. "गम म्हणजे डिंक ना? काय मावशी, डिंकाचे लाडू करून राहिल्या का?"

"हो. पहिला तुलेच देतो. दात मजबूत आहेत ना?"

मावशीनं ठरवलं, प्रश्न आपल्या बोलीत विचारायचे. मराठी अक्षरं टाकली तर काना-मात्रा इकडं-तिकडं उडायच्या, चौकटीची उजवी भिंत वाकडी व्हायची, जसं काही बैलानं धडक दिली. दोन दिवस झटली, मग म्हणाली, मरू दे, पोरं व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितातच ना. तशीच लिहिली. स्क्रिप्ट सुरू केली की गुलाबी चौकट यायची आणि आत, 'काय करायचं आहे गा?' त्याखाली यादी. यादीत पहिलं काम मुद्दाम साधं ठेवलं, नुसती फायलींची नावं दाखवणारं, म्हणजे चुकून एंटर लागलाच तर बिघडत काही नाही. मध्ये कॉपी करून ठेवायचं आणि ती परत आणायचं काम, सफाई सगळ्यात खाली. ती निवडली की विचारणार, 'खरंच उडवू?' आणि निवडीचा उजेड आधीपासून 'नाही'वर. दोनदा मारा, दहादा मारा, 'नाही'च. 'हो' म्हणायचं तर बाण दाबून तिकडं जावं लागते, आणि वरून लॅबचं पूर्ण नाव हातानं लिहावं लागते.

मिनल म्हणाली, "मावशी, एवढं कोण करते?"

"ज्याले खरंच उडवायचं आहे तो करीन."

धर्मेंद्र सरांनी ते फेब्रुवारीत पाहिलं. आधी हसले. "लग्नपत्रिका छापली का बाई? शेल स्क्रिप्ट अशी असते? प्रोफेशनल दिसलं पाहिजे. काढून टाका ते."

"लग्नपत्रिकाच आहे, सर. वाचल्याशिवाय कोणी मांडवात येत नाही."

पोरं फिसकन हसली आणि सरांचा चेहरा कडक झाला. म्हणाले, परीक्षेला माझीच स्क्रिप्ट चालेल, आणि तुम्हीच चालवाल, बघू वर्षभरात काय शिकल्या. वरून हेही म्हणाले की यावेळी काही झालं तर दुसरा माफीनामा नाही, सरळ घरी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चारला मावशीनं आपली गुलाबी चौकट उघडली, 'कॉपी करून ठेवू' निवडलं आणि सर्व्हरवरचं सगळंच्या सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

सकाळी साडेनऊला लॅबमध्ये प्रिन्सिपल मॅडम, बाहेरचे परीक्षक, दारात पोरांची गर्दी. सरांनी आपली स्क्रिप्ट उघडली, खुर्ची मागं ओढली. "बसा बाई. चालवा."

"मी नाही चालवत, सर."

"काय?"

"ही स्क्रिप्ट मी नाही चालवत. माझी चालवीन. हीच पाहिजे असन तर तुम्ही बसा."

मॅडम म्हणाल्या, "काय प्रकार आहे, धर्मेंद्र सर?"

"काही नाही मॅडम, साधं काम आहे, एक मिनिटाचं." सर स्वतःच बसले, रागात.

"जपून, सर," मावशी म्हणाली.

"मला शिकवू नका."

सरांनी तीन टाकलं. टक-टक.

मावशीनं डोळे मिटले नाहीत. पाहून राहिली होती. पहिला एंटर लागला, प्रश्न आला आणि गेला, आणि सरांचं बोट कीबोर्डवर तसंच थांबलं. मग काळ्या पडद्यावरून फायलींची नावं सरसर खाली पळायला लागली. या वर्षीचे अडतीस प्रोजेक्ट. मिनलनं दाराची चौकट धरली.

"कीबोर्ड अडकतो, मॅडम," सर म्हणाले. "दोनदा मारावं लागतं. सवय झाली."

"मागच्या वर्षीही हाच कीबोर्ड होता, सर," मावशी म्हणाली. "सवयपण हीच होती. कागदावर मात्र माझं अज्ञान लिहिलं."

ती पुढं झाली. सर उठले, न सांगता. तिनं गुलाबी चौकट उघडली, बाणानं खाली गेली, 'परत आणू' निवडलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं, बाजूला लिहिलेलं, 'आणून राहिली, दम धरा.' बाहेरचे परीक्षक वाकून वाचत होते, वाचता वाचता हसले. चार मिनिटांत अडतीसही प्रोजेक्ट जागेवर. मग तिनं सफाई केली, आपल्या पद्धतीनं, लॅबचं नाव पूर्ण लिहून, आणि परीक्षा सुरू झाली.

मॅडमनी सरांकडून चावी घेऊन तिच्यापुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

"चावी मागाहून, मॅडम. आधी माझा माफीनामा काढा."

"सर्व्हिस फाइलमधला कागद काढता येत नाही, सुभद्राबाई. नियम आहे."

"घालता येते?"

"घालता येतो."

"मग थांबा."

ती मागच्या मशीनवर बसली आणि तिची बोटं सुटली. सगळ्या लॅबनं मान वळवली, पेपर सोडवणाऱ्या पोरांनीसुद्धा. चार ओळी. 'मागच्या वर्षी मी दिलेली माफी मी परत घेत आहे. चूक माझी नव्हती. अज्ञानही माझं नव्हतं. हा अर्ज त्या कागदाच्या वर लावावा.'

ऑफिसात, आलेले कागद नोंदवायच्या आवक टेबलावर मनोहरराव. निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, शिक्क्याच्या बाबतीत एकदम पक्के. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोनदा वाचलं.

"बाई, माफी मागायचा अर्ज असते. परत घ्यायचा कुठं असते? विषयात काय लिहू मी?"

"जे आहे तेच लिहा. माफी परत घेण्याबाबत."

"किरकोळमध्ये टाकून देतो."

"किरकोळ नाही ते."

"मग उद्या या. विचारून ठेवतो."

"इथंच उभी आहे मी. वर्षभर उभं राहायची सवय आहे मले."

ती उभी राहिली. साडेअकरा झाले, बारा झाले. मनोहररावांनी डबा काढला, उघडला, तिच्याकडं पाहून बंद केला. पेपर संपवून मिनल आली आणि बाजूला उभी राहिली. मग अश्विन आला. मग मागच्या वर्षीच्या एकेचाळीसपैकी बरेचजण, कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. टेबलापुढून जिन्यापर्यंत रांग.

"रांग कायची लावली रे पोट्टेहो?"

"आम्हालेपण परत घ्यायचं आहे, काका," मिनल म्हणाली. "आम्ही मावशीले जे बोललो ते."

मनोहररावांनी रजिस्टर ओढलं, क्रमांक टाकला, विषय लिहिला, पूर्ण, एकही शब्द न गाळता. शिक्का उचलला आणि मारला. अर्जावर एक, तिच्या कॉपीवर एक.

मावशीनं कॉपीची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि मग मॅडमच्या केबिनमध्ये चावी घ्यायला गेली. मॅडम म्हणाल्या, तुमची स्क्रिप्ट आता बाकीच्या लॅबलाही लावू, फक्त तो गुलाबी रंग तेवढा जरा सोबर करता आला तर.

"नाही येत," सुभद्रा मावशी म्हणाली आणि चावी घेऊन निघाली.