बानूबाईंचं खारं तळं

आमच्या सासूबाई बानूबाई रडल्याचं मी एकदाच पाहिलं, आणि तेही मेलेल्या माशांसाठी. एकोणीसशे चोपन्न साल होतं, दसरा नुकताच झाला होता आणि मला या घरात येऊन वर्षही भरलं नव्हतं. सकाळी तळ्यावर गेले तर त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे एकेक करून ओच्यात गोळा करत होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "रतन, पाटी आण गं. हे जीव आपुन आणलं आन् आपुनच मारलं."

आमची वस्ती बारामतीकडून इंदापूरला जाताना लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. कालव्याने या भागाला ऊस दिला हे खरं. पण जिथं पाणी जास्त मुरलं, तिथं जमिनीतलं मीठ वर आलं. आमच्या खालच्या तीन एकरांत तेच झालं. ढेकळांवर पांढरी साय धरायची आणि पेरलेलं उगवायचं नाही. माझे सासरे सावळाराम आणि माझे मालक सोपान, दोघांनी एक अख्खा उन्हाळा खपून त्या रानात चर खणले. खार धुऊन पाणी खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जावं, असा बेत होता. पावसाळ्यात खड्डा भरला आणि खळ्याच्या चौपट तळं झालं. बोट बुडवून जिभेला लावलं की मचूळ, खारट लागायचं. बैलं तोंड लावायची नाहीत. वाटेने जाणारे हसून विचारायचे, "काय सावळाराव, मिठागर काढलं व्हय?"

हे मामंजींना फार लागलं. ते मनाचे दिलदार, पण उतावीळ. एका बाजाराला भिगवणला गेले आणि येताना पळसदेवच्या भोयांकडून दोन घागरी भरून लहान मासे घेऊन आले. गाडीतून उतरले ते थेट तळ्यावर. दोन्ही घागरी पालथ्या केल्या आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आता बघा म्हणावं मिठागर!" दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते वर सांगितलंच.

बानूबाईंनी ते सगळे मासे लिंबोणीच्या बुडात पुरले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आवं, गाडी जुपा. मला पळसदेवाला न्या."

"कशापायी?"

"ज्याची मासळी त्यालाच इचारावं, ती का मेली."

मामंजी पुटपुटले, पण गाडी जुंपली. मीही गेले. पळसदेवाला तेव्हा भीमा आपल्या पात्रातच होती. आता ते जुनं गाव, घाट, देऊळ सगळं उजनीच्या पाण्याखाली आहे. घाटावर दत्तोबा भोई जाळं विणत बसले होते. साठीचा माणूस, उन्हाने रापलेला, बोलणं सावकाश. बानूबाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "आमचं काय चुकलं, तात्या?"

दत्तोबांनी आधी तळ्याचं वय विचारलं.

"औंदाच्या पावसाळ्याचं."

"मग पाणी कच्चं हाय, बाय. माणूस नव्या घरात ऱ्हायला जातो, तवा आधी चूल मांडतो का न्हाय? तुमच्या तळ्यात चूलच न्हाय मांडलेली. शेवाळ न्हाय, किडा न्हाय, गोगलगाय न्हाय. आन् वर खार. नदीतलं लेकरू उचलून एकदम खाऱ्यात टाकलं, तर ते जगंल कसं?"

"मग काय करू?"

"काय करू नगा. थांबा."

मामंजी हसले. "थांबायला काय अक्कल लागती?"

दत्तोबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "लई लागती."

त्यानंतर बानूबाई वर्षभर थांबल्या. पण त्यांचं थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हतं. काठाला त्यांनी जुन्या शेणखताची पाटी ओतली. कालव्याच्या कडेची पाणगवताची ठोंबं आणून लावली. निम्मी जळाली, निम्मी धरली. रोज सकाळी कामाला जाताना तळ्यावर थांबायच्या, बोट बुडवून जिभेला लावायच्या आणि मला सांगायच्या, "आज कालच्यावानी," किंवा "उन्हानं खार वाढली बघ." उन्हाळ्यात पाणी आटून जास्तच खारट झालं, तेव्हा त्यांनी सोपानरावांकडून पाटाच्या पाळीचं उरलंसुरलं गोडं पाणी तिकडं वळवून घेतलं. वैशाखात पाणी हिरवं झालं. वास येतो म्हणून लोक नाकं मुरडायला लागले. बानूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावेना. मग पाण्यावर चतुर आले, बेडकं आली. एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि दगडाला चिकटलेली बोराएवढी गोगलगाय दाखवली. "ही कुणी आणली न्हाय. आपल्या पायानं आली," म्हणाल्या. घरात नातू जन्मल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

गावाने नावं ठेवलीच. विहिरीवर कुणी म्हणायचं, "बानूबाई डबक्याची पूजा करती." त्या ऐकून घ्यायच्या. मला मात्र राग यायचा, आणि तो गिळताना हळूहळू त्याच्या जागी दुसरंच काही येऊ लागलं होतं. आपल्या सासूला असं काही दिसतं, जे बाकी कुणाला दिसत नाही, असं वाटायचं.

पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा पळसदेवाला गेलो. या वेळी मामंजींना मरळ हवी होती. मरळीचं कालवण त्यांचा जीव की प्राण, आणि मरळ चिवट, कुठंही तगते.

"तगती खरं," बानूबाई म्हणाल्या, "पर दुसऱ्याला खाऊन. तळ्यात साठ जीव सोडायचं आन् वर्सानं एकलीच मरळ बघायची?"

दत्तोबा हसले. त्यांनी भीमेतलीच दोन जातींची पोरं काढून दिली: तांबूस खवल्यांचे तांबीर आणि काळसर कानस. दोन्ही शेवाळ आणि चिखलातलं खाऊन राहणारी, कुणाच्या वाटेला न जाणारी. "ही साचल्या पाण्यात अंडी घालत न्हाईत," त्यांनी सांगितलं. "सोडाल तेवढीच ऱ्हातील."

"मग जास्त घेऊ की!" मामंजी म्हणाले.

"साठ बास," बानूबाई म्हणाल्या. "घर केवढं हाय ते बघून माणसं बलवावी."

परतीच्या वाटेवर सासूबाई एका घागरीत आणि मी दुसऱ्या घागरीत हात घालून सतत पाणी ढवळत राहिलो. पाणी हललं नाही तर मासळी गुदमरते, असं दत्तोबांनी बजावलं होतं. वस्तीवर पोचेपर्यंत माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता. मामंजींनी गाडी तळ्याकडे वळवली, तशा बानूबाई म्हणाल्या, "तिकडं न्हाय. घराकडं."

परसात त्यांनी दोन रांजण कालव्याच्या गोड्या पाण्याने भरून आठवडाभर आधीच मुरत ठेवले होते. मासे त्यांत सोडले. मग रोज सकाळी प्रत्येक रांजणातून एक तांब्या पाणी काढायचं आणि तळ्यातलं एक तांब्या ओतायचं. आठ दिवसांनी दोन तांबे, पुढं तीन. सांज-सकाळ पाणी ढवळायचं, चिमूटभर पेंड टाकायची, उरलेली काढून घ्यायची. असं बावीस दिवस चाललं. मामंजी रोज विचारायचे, "आज सोडायची का?" बानूबाई रोज म्हणायच्या, "आज न्हाय." बाविसाव्या दिवशी त्यांनी रांजणातलं आणि तळ्यातलं पाणी आळीपाळीने जिभेला लावलं. मलाही लावायला सांगितलं. मला फरक कळला नाही. "मलाबी न्हाय कळला," त्या म्हणाल्या. "म्हंजी त्यास्नीबी न्हाय कळायचा."

बावीस दिवसांत तीन मासे दगावले होते. सत्तावन्न तळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे काठावर होतो. मामंजी तर सगळ्यांच्या आधी. पाण्यावर एकही पांढरं पोट नव्हतं.

खरी कसोटी पुढच्या वर्षी भाऊबीजेला आली. बानूबाईंचे थोरले भाऊ हिंदुराव दरवर्षी ओवाळून घ्यायला यायचे. मोठी बागायत, चढा आवाज, पण बहिणीवर जीव. त्या वर्षी त्यांनी ओवाळणी म्हणून साडीबरोबर तुपाचा एक डबा आणला. डब्यात पाणी, आणि पाण्यात चाळीसेक मासे. राखाडी, रुंद अंगाचे, पाठीवर काटेरी पंख. मुंबईकडच्या कुणा ओळखीच्याकडून त्यांना मिळालेली परदेशी जात. आज आपण तिला चिलापी म्हणतो.

"बानू, तू साठ आणलीस, साठच ऱ्हायली. ही बघ! म्हैन्या-दोन म्हैन्याला पिल्लं काढती. खाऱ्यात बी जगती. म्या हिरीत धा सोडली, आता हीर भरली."

बानूबाईंनी डबा हातात घेतला, माशांकडं निरखून पाहिलं. मग विचारलं, "दादा, पयली धा केवढी झाली?"

"ही, हातभर न्हाय, पर वीतभर."

"आन् आता हिरीत हायेत ती?"

हिंदुरावांनी चार बोटं दाखवली. "वाढत न्हाईत अजून. वाढतील की."

"हिरीत आदी बारकी मासळी व्हती ती?"

"ती काय, दिसत न्हाय आता."

बानूबाईंनी डबा खाली ठेवला. भावाला ओवाळलं, पुरणपोळी वाढली. डब्यातले मासे रिकाम्या रांजणात ठेवले आणि वर फडकं बांधलं. सकाळी उठून पाहते तर त्यांनी सगळे मासे साफ करून, मीठ-हळद लावून ठेवलेले. हिंदुराव न्याहरीला बसले आणि त्यांच्या ताटात कुरकुरीत तळलेले मासे आले.

त्यांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ताट सरकवून उभे राहिले. "माझी ओवाळणी तळून मलाच खायला घालतीस?"

बानूबाईंनी पदर सावरला. आवाज हळू, पण हलला नाही.

"दादा, खायला झ्याक हायेत, म्हनून रांधलं. तळ्यात न्हाय सोडता यायची. पावसाळ्यात माझं तळं वाहतं. तळ्याचं पाणी वढ्याला जातं, वढ्याचं नीरेला, नीरेचं भीमेला. तितं भोयांची जाळी हायेत. तुझ्या एका हिरीत जे झालं, ते नदीत झालं तर त्या लोकांनी कुणाच्या दारात जायचं? तू मला साडी दिलीस, ती म्या अंगाला लावली. पर ही देणगी माझ्या एकलीची न्हाय की, म्या घ्यायला."

हिंदुराव न जेवता गेले. बानूबाई दिवसभर कामात होत्या, पण संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा भाजीत टाकायचं विसरल्या. भावाचा दुरावा त्यांना किती लागला होता हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी एकदाही "चुकलं" म्हटलं नाही. पुढच्या भाऊबीजेला हिंदुराव आले, उशिरा आले, पण आले. विहिरीचा विषय त्यांनी काढला नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला म्हणावं, त्या तांबिराची दोनचार पोरं मिळतील का इचार दत्तोबाला."

पण ती पुढची गोष्ट. त्याआधी सत्तावन्नच्या चैत्रात दत्तोबा स्वतः जाळं घेऊन आमच्या वस्तीवर आले. अर्धं गाव काठावर. मिठागर म्हणणारेही होते. जाळं ओढलं आणि पाणी उसळलं. हात-हातभर तांबीर, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखे चमकणारे; जाड ओठांचे काळेभोर कानस. मोजले तर एक्कावन्न. दत्तोबांनी एक तांबीर दोन्ही हातांत उचलून धरला आणि म्हणाले, "साठ वर्सं नदीत गेली माझी. खाऱ्या चरात अशी मासळी म्या बघितली न्हाय." मामंजींनी डोळे पुसले आणि घाम आला म्हणाले.

त्या वर्षी त्याच खाऱ्या रानाच्या वरच्या अर्ध्या एकरात गुरांच्या चाऱ्याचं कडवळही गुडघ्यापर्यंत आलं होतं. खारपड जमिनी पाहत फिरणारे एक साहेब ते बघायला म्हणून आले होते. तळ्यावरची गर्दी पाहून इकडे वळले. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. पाणी किती दिवस मुरवलं, रांजणात कसं ठेवलं, कोणती जात सोडली, कोणती नाही आणि का नाही. बानूबाई काठावरच्या गर्दीत घागरी हलवत होत्या, म्हणून बरंचसं मीच सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि वर नाव टाकलं: सावळाराम.

मामंजींना अक्षर फारसं येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ओळखता यायचं. त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"सायेब, हे खोडा."

"का? जमीन तुमचीच ना?"

"जमीन माझी. म्या मासळी एकदा सोडली, ती एका रातीत मेली. ही जगवली ती तिनं. तिचं नाव ल्ह्या. बानूबाई. मोठ्या अक्षरात ल्ह्या."

एवढ्या लोकांत मामंजींनी बायकोचं नाव घेतलं होतं. कुजबुज झाली. साहेबांनी खरोखर नाव खोडलं आणि नवं लिहिलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, मी डोकावून ते वाचलं आणि मोठ्यानं म्हणून दाखवलं. माझा आवाज इतका उंच निघाला की मीच दचकले.

बानूबाईंनी वळून पाहिलं. "नावाचं सावकाश बघा," त्या म्हणाल्या. "आदी घागरी सावलीत घ्या. बारकी आठ परत तळ्यात सोडायची हायेत."