रुळांवरून आलेली मोटार

वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मी पाटणला शाळेत शिकवत होते. त्यांना आणायला आई आणि मी पुण्याला गेलो. पाहतो तर वडिलांनी एका साहेबाची जुनी मोटार विकत घेतलेली. फिकट निळी, मडगार्डवर दोन पोचे. सारी नोकरी सरकारी ट्रक चालवण्यात गेली. स्वतःचं म्हणावं असं वाहन हे पहिलंच.

पण तिचं इंजिन थकलेलं होतं. गावच्या वाटेवरचा खंबाटकीचा घाट ती चढेल असं वडिलांनाही वाटेना. तेव्हा आमच्या सांगलीकडे नुकतेच रेल्वेचे रुंद रूळ झाले होते. स्टेशनवरच्या बाबूनं सांगितलं की पॅसेंजरच्या शेवटाला मालगाडीची उघडी वाघीण जोडून मोटार सोबत नेता येते. ‘आता अशा वाघिणी वाढवाव्या लागणार, सुभेदार,’ तो म्हणाला, ‘लोक मोटारीसकट प्रवासाला निघायला लागलेत.’

पेट्रोल काढून टाकलं, चाकांना लाकडी पाचरी ठोकल्या, दोरखंड आवळले. आम्ही पुढच्या डब्यात बसलो. सामान मोटारीतच होतं. प्रत्येक स्टेशनावर आई खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघायची. ‘हाय का न्हाई?’ वडील विचारायचे. ‘हाय,’ ती म्हणायची.

कऱ्हाडला समोरून येणाऱ्या गाडीसाठी बराच वेळ थांबावं लागलं. वडील दोर बघायला निघाले, तशी आईही पाय मोकळे करायला उतरली, आणि तिच्यासोबत मी. एक दोर खरोखरच सैल पडला होता. तो आवळून होतो न होतो तोच सिग्नल पडला. आमचा डबा लांब पुढं, आणि आईचा गुडघा दुखरा. वाघिणीला लागूनच गार्डाचा डबा होता. गार्ड म्हातारा, आमच्याच बाजूचा असावा.

‘आवं, पळू नका,’ तो ओरडला, ‘मोटारीतच बसा तिघंबी. दारं तेवढी उघडू नगासा. माजी नजर हाय.’

त्यानं आपली पेटी पायरीसारखी खाली ठेवली. आईला आम्ही वर चढवलं. सवयीनं वडील स्टिअरिंगच्या चाकामागं बसले, आई त्यांच्या शेजारी आणि मी मागं.

गाडी हलली. इंजिन बंद, चाकं जागच्या जागी, आणि तरी सारा मुलूख हळूहळू मागं सरकू लागला. रुळांचा आवाज खालून, खोल पाण्यातून यावा तसा येत होता. स्प्रिंगांवर मोटार होडीसारखी डुलत होती. पौषातलं दुपारचं ऊन काचेवर पिवळं होऊन पसरलेलं. दोन्ही बाजूंना ऊस, त्याचे पांढरे तुरे, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा गोड वास. बांधावर एक बाई टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. आम्हाला बघून तिनं तोंडावर पदर धरला. आईनं तिला हात केला. आईला कुणाला असा हात करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वडिलांनी दोन्ही हात चाकावर ठेवले होते. वळण आलं की त्यांची मान आपोआप वळायची.

‘आवं,’ आई म्हणाली, ‘तिकडं असंच जात हुतासा व्हय?’

वडील जरा हसले. मग बोलू लागले. ‘तिकडं सरहद्दीवर लय थंडी. पहाटं इंजिनाखाली शेगडी ठेवायची, तवा कुठं गाडी चालू व्हायची. रस्त्याच्या कडंला खाली बगितलं तर ढग.’ ताकारी स्टेशन गेलं, भिलवडी गेलं. उसाच्या फडांतून वडील आम्हाला बर्फातून नेत होते. ‘एकदा तीन दिवस अडकलो. माझ्या मागच्या ट्रकातला गडी गारठून गेला. त्येच्या बायकूला पत्र मीच लिवलं.’

‘मला न्हाई ते कवा सांगितलंसा.’

‘तू हितं एकली. तुला काय सांगायचं?’

येरळा नदीच्या पुलावर गाडी आली. खाली वाळू आणि पाण्याची बारीक रेघ. आई त्या पाण्याकडं बघत म्हणाली, ‘थोरलं गेलं तवा मी आठ दिस कुणासंगं बोलले न्हाई. तुमाला तार केली. तुमी आलासा तवा म्हैना झाला हुता. मग कशाला काढायचं म्हून गप बसले.’

मला एक मोठा भाऊ होता, दोन वर्षांचा होऊन तापानं गेला, एवढं शेजारणींच्या बोलण्यातून ठाऊक होतं. आईच्या तोंडून ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वडिलांनी डावा हात चाकावरून काढून तिच्या हातावर ठेवला. मी मान फिरवली. मागच्या काचेतून गार्ड दिसत होता, दाराशी उभा, हिरवं निशाण काखेत धरून.

पूल संपला, उतरायचं स्टेशन जवळ आलं. सांगली येऊच नये असं मला वाटत होतं.

सांगलीला हमालांनी मोटार धक्क्यावर उतरवली. पेट्रोल घातलं तरी ती चालू होईना. शेवटी सहा माणसांनी ढकलली तेव्हा खोकत, धूर टाकत सुरू झाली. अंधार पडायच्या आत आम्ही आष्ट्याजवळच्या आमच्या गावी पोचलो. अंगणात सगळी वस्ती जमली.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवत होते तेव्हा बाहेर मोटारीचा आवाज झाला. वडील आईला घेऊन निघाले होते, कृष्णेच्या काठाला, जिथं भावाला पुरलं होतं तिथं. आई दरवर्षी एकटीच तिथं जायची, हे मला नंतर कळलं. ‘तू ऱ्हा घरी,’ ती एवढंच म्हणाली.

दुपारी दोघं परतली. आईच्या लुगड्याचा काठ नदीकाठच्या मळीच्या चिखलानं भरला होता. वडील ओट्यावर बसले आणि त्यांनी चहा मागितला. आई त्यांच्याजवळच बसून राहिली, म्हणून चहा मीच टाकला.